घरातली दोन मतं

फोरमनच्या घरात दोन मतं होती आणि दोन्ही फोरमनचीच होती. हे तो लपवून ठेवत नसे. निवडणूक जवळ आली की पक्षाच्या कचेरीत बैठक बसे. प्रत्येक जण आपापल्या गल्लीचा अंदाज सांगे: अमक्याकडचे डळमळीत आहेत, तमक्याकडे सासू एकीकडे तर सून दुसरीकडे. फोरमनची पाळी आली की तो नुसती दोन बोटं वर करी. त्यावर कुणी जास्त विचारत नसे.

बस डेपोत तो इंजिनांच्या विभागाचा फोरमन होता. नोकरी संपली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. माणूस वाईट नव्हता. पिणं नाही, उधळेपणा नाही, बायकोवर कधी हात उचललेला नाही. त्याच्या बायकोची हीच तर पंचाईत होती. मार खाणाऱ्या बाईला निदान दाखवायला वळ असतो. हिला दाखवण्यासारखं काही नव्हतं. घरातल्या भिंतींना कुठला रंग द्यायचा, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, पाहुण्यांना किती दिवस ठेवून घ्यायचं, हे सगळं तो ठरवी आणि वर म्हणे, “आमच्याकडे सगळं दोघांच्या विचारानं चालतं.”

मतदानाच्या दिवशी तो सकाळीच बाहेर पडे तो दिवेलागणीला परते. दारात बसून बूट काढता काढता विचारी, “दिलंस ना?” ती आतून म्हणे, “दिलं.” कुणाला, हे विचारायची गरज त्याला कधी वाटली नाही. आणि खरं सांगायचं तर तशी गरज नव्हतीच. ती दर वेळी त्यानं सांगितलेल्या नावावरच शिक्का मारून येई. पडद्याआड कुणी बघत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण संध्याकाळी त्याच्यासमोर “दिलं” म्हणायचं आहे, हेही ठाऊक होतं, आणि त्याच्याशी खोटं कसं बोलायचं हे तिला कधी जमलंच नाही.

मुलाला हा सगळाच प्रकार हास्यास्पद वाटायचा. तो विमा कंपनीत होता. माणसं कधी मरतील याच्या अंदाजावर पगार खातो, असं फोरमन त्याच्याबद्दल सांगे. मतदानाची सुट्टी मुलगा झोपून काढी. बापलेकांची त्यावरून जेवताना जुंपायची. मुलगा म्हणे, आपल्या मतदारसंघात लाखो माणसं मत देतात. तुमच्या एका मतानं निकाल फिरायचा तर बाकीची सगळी मतं बरोब्बर निम्मी-निम्मी पडायला हवीत. त्यापेक्षा मत द्यायला जाताना गाडीखाली सापडण्याची शक्यता जास्त आहे. फोरमन विचारी, सगळ्यांनीच असं म्हटलं तर? मुलगा म्हणे, सगळे म्हणत नाहीत ना. मग फोरमन ठेवणीतलं काढी, थेंबे थेंबे तळं साचे. त्यावर एकदा मुलगा म्हणाला होता, “तळं साचतं, बाबा. पण एक थेंब कमी पडला म्हणून कुणी तहानेनं मेल्याचं ऐकलंय का तुम्ही?”

ती तेव्हा भांडी विसळत होती. तिला हसू आलं, ते तिनं पाण्याच्या आवाजात लपवलं. तुझं काय म्हणणं, असं दोघांपैकी कुणी तिला विचारलं नाही.

तिचं म्हणणं ऐकून घेणारी एक जागा होती. सरकारी इस्पितळाच्या धुलाईखात्याला लागून एक लांबट शिवणखोली होती. फाटक्या चादरी, बाह्या उसवलेले रुग्णांचे झगे, ऑपरेशनच्या खोलीतली हिरवी कापडं तिथे ढिगानं येत आणि मूठभर बायका ती पुन्हा वापरण्याजोगी करत. शेजारून वाफ यायची, त्यामुळे थंडीतही खोली उबदार असे. बायकांना तिथे कामावरून नावं पडली होती. एक काजवाली, एक ठिगळवाली, आणि ही रफूवाली. तिनं रफू केलेली जागा उजेडात धरूनही सापडत नसे. कुठल्या कापडाला कुठला दोरा, नव्या मेट्रनशी कसं वागायचं, काजवालीच्या मुलीनं त्या दाढीवाल्याशी लग्न करावं की नाही, सगळ्याबाबत तिला तिथे विचारलं जाई. ती घरी जेवढी गप्प, तेवढी तिथे बोलकी होती. घरून कुणी तिला तिथे पाहिलं असतं तर ओळखलं नसतं.

मागच्या मोठ्या निवडणुकीत फोरमनच्या पक्षाचा डॉक्टर निवडून आला. नाडी धरणं त्यानं केव्हाच सोडलं होतं, आता तो नुसतीच माणसं धरून होता. इस्पितळाचा कारभार त्याच्या हातात आला आणि वर्ष व्हायच्या आत शिवणखोली बंद करायचं ठरलं. फाटलं की फेकायचं, नवं मागवायचं, ते स्वस्त पडतं, असा हिशेब निघाला होता. बायकांनी ठरवलं की डॉक्टरकडे जायचं, आणि जाण्याआधी फोरमनला मध्ये घालायचं. आपल्यातलीच एकजण त्याच्या घरची म्हटल्यावर तो शब्द टाकेलच, असं त्यांना वाटलं. तिलाही वाटलं.

फोरमननं सगळं ऐकून घेतलं. बघतो म्हणाला. दोन दिवसांनी म्हणाला, एक खोली म्हणजे काही अख्खं इस्पितळ नव्हे, मोठ्या कामात बारीकसारीक सोसावं लागतं. तिनं तेही गिळलं. गिळवलं नाही ते पुढचं. खोली रिकामी करायच्या दिवशी कात्र्या गुंडाळून ठेवताना काजवालीनं सांगितलं की डॉक्टरनं निर्णय घेण्याआधीच फोरमनला बोलावून विचारलं होतं, तुझी बायको तिथे आहे, गडबड तर करणार नाही ना? फोरमन म्हणाला होता, “माझ्या घरचं मी बघतो.”

काजवालीचा नवरा तेव्हा तिथेच होता, त्यानं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. काजवाली हे सांगून रडली, हिला रडू आलं नाही. ती घरी आली, स्वयंपाक केला, त्याला वाढलं. पुढे लवकरच नगरपालिकेची निवडणूक आली, तेव्हाही तिनं त्याच पक्षाच्या नावावर शिक्का मारला आणि संध्याकाळी “दिलं” म्हणाली. शिवणखोली गेल्याचं दुःख तिला कधी ना कधी पचलं असतं. त्या “दिलं”चं मात्र आत काहीतरी झालं. स्वतःच्या हातानं स्वतःच्या तोंडात मारून घेतल्यासारखं ते तिला रोज आठवे.

मग फोरमनला झटका आला. सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून गळला आणि मागोमाग तोही खाली आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोकं शाबूत होतं. समजायचं सगळं, बोलायला गेलं की नुसता घोगरा आवाज निघे. चार लोकांत ज्याचा शब्द खाली पडत नसे त्याला पाणी मागायलाही बोट दाखवावं लागू लागलं.

तिनं त्याचं सगळं केलं. कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही असं केलं. त्याला आंघोळ घातली, भरवलं, रोज सकाळी त्याच्या आखडलेल्या मुठीचं एकेक बोट सोडवून व्यायाम दिला. शेजारणी तिचं कौतुक करत. हे सगळं ती प्रेमानं करते की सवयीनं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. एवढं खरं की घरात पहिल्यांदाच शांतता होती आणि त्या शांततेत तिला आपलं डोकं चालताना ऐकू येत होतं.

अशात पुन्हा मोठी निवडणूक आली. डॉक्टर परत उभा होता. यावेळी मंत्री होणार असं बोललं जात होतं. पक्षाचा सेक्रेटरी, डोक्यावर केस नसलेला, सतत घाम पुसणारा, फोरमनचा जुना दोस्त, चाकाच्या खुर्चीची नि गाडीची व्यवस्था सांगायला घरी आला. ज्याला हात चालवता येत नाही त्यानं सोबत घरचं माणूस आत न्यावं, त्या माणसानं त्याच्या सांगण्याप्रमाणे शिक्का मारावा, असा नियम आहे म्हणाला. फोरमनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं डावा हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. सेक्रेटरी खूश झाला. जाताना तिला म्हणाला, “वहिनी, तुम्ही आहात म्हणून दोन्ही मतं पक्की.”

तिनं त्या रात्रीच ठरवून टाकलं होतं, पण काय ठरवलं होतं ते नीट सांगायला हवं, कारण पुढे तिच्या मनातही त्याची गल्लत होऊ लागली. तिनं ठरवलं होतं की त्याचं मत त्याच्या मनासारखं द्यायचं. ते त्याचं होतं. आपलं मात्र या वेळी डॉक्टरच्या विरोधात द्यायचं, आणि त्यानं कसंही विचारलं तरी मान हलवायची नाही. एवढंच.

मतदान एका शाळेत होतं. वर्गातली बाकं भिंतीला लावली होती, फळ्यावर कुणाचं तरी अर्धवट पुसलेलं गणित होतं. रांगेतल्या लोकांनी चाकाच्या खुर्चीला वाट दिली. ओळखीचे पुढे येऊन फोरमनचा डावा हात हातात घेत होते. असं आजारी माणूस मत द्यायला येतं आणि धडधाकट लोक घरी लोळतात, असं कुणी मोठ्यानं म्हणालं. फोरमन ताठ बसला होता. त्या सकाळी त्यानं इस्त्रीचा सदरा मागून घेतला होता, बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली होती.

टेबलामागची अधिकारी बाई भली होती. आजारी माणसाला दोनदा हेलपाटा नको म्हणून तिनं दोघांच्या मतपत्रिका एकदमच दिल्या आणि खुर्ची पडद्याआड जाईल एवढी जागा करवून घेतली. आत एक अरुंद टेबल होतं, शाईची गादी, दोरीला बांधलेला शिक्का. तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. डॉक्टरचं नाव वरून दुसरं होतं. त्याच्या खाली विरुद्ध बाजूची कुणी शिक्षिका उभी होती. रफूवालीला तिच्याबद्दल फारसं काही माहीत नव्हतं.

फोरमननं डावा हात उचलला आणि आपल्या कागदावर डॉक्टरच्या नावावर बोट ठेवलं. तिनं मान हलवली, शिक्का उचलला. तेवढ्यात त्याचं बोट सरकलं. ते तिच्या कागदावर आलं, तिथेही डॉक्टरच्याच नावावर थांबलं आणि दोनदा टेकलं, शाळेत मास्तर पाटीवर टेकवतात तसं.

अर्ध्या अंगानं गेलेला माणूस. घोटभर पाण्यासाठी तिच्या तोंडाकडे बघणारा. त्याची वाचा गेली होती, चालणं गेलं होतं, पण हिचं मत आपलं आहे हे गेलं नव्हतं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो वाट बघत होता, रागानं नाही, प्रेमानंही नाही, दार उघडलेल्या खोलीत शिरावं इतक्या सहजपणे. मग तिनं शिक्का आपल्या कागदावर शिक्षिकेच्या नावासमोर मारला. आणि हात वर न घेता, दुसऱ्यांदा विचार न करता, त्याच्याही कागदावर तिथेच मारला.

त्याला समजायला एक क्षण लागला. मग त्याच्या घशातून आवाज आला. त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं, असं की पुढे कितीतरी दिवस तिथे काळं-निळं होतं. बाहेरून अधिकारी बाईनं विचारलं, सगळं ठीक आहे ना?

“ठीक आहे,” ती म्हणाली. “त्यांना भरून आलंय.”

हे खोटं तिला इतकं सहज जमलं की तिची तिलाच भीती वाटली. तिनं मनगट सोडवलं, दोन्ही कागदांच्या घड्या घातल्या, खुर्ची वळवून बाहेर आणली. तिला वाटलं होतं की पुढचं पटकन उरकेल. पण अधिकारी बाईला वाटलं, या माणसानं आपल्या हातानं मत पेटीत टाकावं, तेवढा मान त्याचा आहे. तिनं घडी घातलेला कागद फोरमनच्या डाव्या हातात दिला आणि पेटी खाली धरली. फोरमननं मूठ मिटली. कागद मुठीत चुरगळला. तो मान हलवत होता, आवाज काढत होता, आणि रांगेतले लोक हळहळून बघत होते. बाई म्हणाली, असू दे, असू दे, घाई नाही.

शेवटी रफूवाली खाली वाकली. रोज सकाळी उजव्या हाताची सोडवते तशी तिनं त्याच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून सोडवली. या हातात जोर होता, वेळ लागला. कागद पेटीत पडला. रांगेतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग बाकीच्यांनीही वाजवल्या.

निकाल लागला तेव्हा डॉक्टर लाखाहून जास्त मतांनी निवडून आला होता. शिक्षिकेची अनामत रक्कम जेमतेम वाचली. आता वेगळा राहणारा मुलगा फोन करून म्हणाला, बघ आई, बाबांना एवढ्या हालात तिथे नेलंत, नेलं नसतंत तरी तेच झालं असतं. तुम्ही दोघं घरी बसला असतात, नाहीतर दोघांनी उलटं मत दिलं असतंत, तरी कुणाला पत्ता लागला नसता. ती म्हणाली, हो, खरं आहे. तो म्हणाला होता ते आकड्यांनी अगदी खरं होतं. बाहेरच्या जगात तिनं काहीच केलेलं नव्हतं. जे केलं होतं ते सगळंच्या सगळं घरात, त्या खुर्चीत बसलेलं होतं.

संध्याकाळी सेक्रेटरी चार माणसं घेऊन आला. बाहेर गाड्यांचे भोंगे वाजत होते. त्यानं फोरमनला मिठी मारली आणि म्हणाला, “तुझ्यासारख्यांच्या मतावर जिंकलो आपण. एक-एक मत, फोरमन. तू नेहमी म्हणायचास ते.”

फोरमन रडू लागला. खांदे गदगदून, तोंड वाकडं करून, लहान मुलासारखा. सेक्रेटरीच्याही डोळ्यांना पाणी आलं. माणूस असावा तर असा, तो बरोबरच्यांना म्हणाला, पक्षाचा विजय याच्यापेक्षा जास्त कुणाच्या मनाला भिडला असेल. रफूवाली चहाचे कप घेऊन उभी होती. फोरमननं पाणावल्या डोळ्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सेक्रेटरीकडे, डावा हात उचलून तिच्याकडे बोट केलं आणि घशातून काहीतरी काढायचा प्रयत्न केला. सेक्रेटरी म्हणाला, हो, हो, वहिनींमुळेच, आम्हाला माहीत आहे. आणि तिला हात जोडून नमस्कार केला.

तिला वाटायला हवं होतं की फिटंफाट झाली. मी तुमच्या घरची होते, आता तुम्ही माझ्या घरचे. पण त्या हात जोडलेल्या टकल्या माणसासमोर उभं राहून तिला नुसती शिसारी आली, त्याची, डॉक्टरची, आपली. कप द्यायचे राहिले तेही लक्षात आलं नाही.

त्यानंतर फोरमन तिच्या हातून जेवायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही. वाचा शिकवणारी एक तरुण बाई आठवड्यातून काही वेळा येऊ लागली. आरशासमोर बसवून त्याच्याकडून ओठांच्या हालचाली करवून घेई. पहिल्यांदा “नको” आलं. मग “पाणी”, “खिडकी”, “ऊन”. एकेक शब्द यायचा तशी रफूवाली स्वयंपाकघरात कान देऊन उभी राही. वाक्य यायला लागलं की पहिलं वाक्य कुठलं येणार, याची तिला धास्ती होती. पण मुलगा आला तेव्हा फोरमन त्याबद्दल काही बोलला नाही. सेक्रेटरी आला तेव्हाही नाही. तिच्या हळूहळू लक्षात आलं की तो कुणाला सांगणारच नाही. ज्यानं जन्मभर दोन बोटं वर केली तो कुठल्या तोंडानं सांगणार की घरात आपलीच बायको आपल्या हाताबाहेर आहे?

एका दुपारी ती त्याची नखं कापत होती. खिडकीतून ऊन आलं होतं. तो एकदम म्हणाला, “आधी?”

तिला वाटलं, आधी हा हात की तो, असं विचारतोय. तिनं हात बदलला. त्यानं हात मागे ओढला.

“आधी,” तो म्हणाला. मग पुष्कळ वेळ जुळवाजुळव करून म्हणाला, “आधी... किती... वेळा?”

आता तिला कळलं. इतके महिने तो खुर्चीत बसून हेच करत होता. एकेक निवडणूक मागे मागे जाऊन तपासत होता, कचेरीत उंच केलेली दोन बोटं एकेकदा परत आठवून बघत होता.

खरं उत्तर सोपं होतं. कधीच नाही. हे एकदाच. बाकी सगळी वर्षं मी तुम्ही सांगाल तिथे शिक्का मारत आले, शिवणखोली बंद झाली तेव्हासुद्धा. हे ऐकून त्याला बरं वाटलं असतं, एका फटक्यासरशी त्याची सगळी वर्षं त्याला परत मिळाली असती. ते उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. पण ते बोलायचं म्हणजे आपण इतकी वर्षं काय होतो हे त्याच्या तोंडावर कबूल करायचं, आणि ते ऐकून तो सुखावणार. त्याचं ते सुखावणं तिला बघवणार नव्हतं.

“दर वेळी,” ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली आणि अर्ध्या कापलेल्या नखांकडे बघत राहिला. ती म्हणाली, द्या इकडे, दुसरा हात राहिलाय. त्यानं दिला नाही.

त्या आठवड्यात त्यानं मुलाकडून आपली खाट बाहेरच्या खोलीत हलवून घेतली. भिंतीवर डॉक्टरबरोबरचा त्याचा एक फोटो होता, तो उतरवायला सांगितला. आंघोळीसाठी एक माणूस ठेवायला लावला. मुलाला काही उलगडेना. त्यानं आईला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, तुमचं दोघांचं बिनसलंय तरी काय?

“मतभेद,” ती म्हणाली.

मुलगा हसला. “आता? या वयात?”

त्याला वाटलं, आईनं आयुष्यात पहिल्यांदा विनोद केला. पुढे तो हे आपल्या मित्रांनाही सांगे.

वर्षभरानं पुन्हा नगरपालिकेची निवडणूक आली. सेक्रेटरी आला, गाडीचं, खुर्चीचं बोलू लागला. फोरमन आता तुटक तुटक का होईना, बोलत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मला... मत नाही.” सेक्रेटरीला वाटलं, आजारामुळे शब्द इकडचा तिकडे झाला. त्यानं समजूत घातली, असं कसं, यादीत नाव आहे, मत आहे, एक-एक मत मोलाचं. फोरमननं पुन्हा तेच तीन शब्द म्हटले आणि तोंड भिंतीकडे केलं. सेक्रेटरी घाम पुसत तिच्याकडे बघू लागला. तिनं त्याला दारापर्यंत सोडलं.

मतदानाच्या दिवशी ती एकटीच गेली. तीच शाळा, पण अधिकारी दुसरा. पडद्याआड ती एकटी उभी राहिली. आता तिला सांगणारं कुणी नव्हतं, बोट टेकवणारं नव्हतं, संध्याकाळी विचारणारंही कुणी नव्हतं. नावं वाचली तर एकही नाव तिच्या मनात भरेना. मागे रांगेत कुणी खाकरलं. तिला फोरमनची घट्ट मिटलेली मूठ आठवली, आणि ती सोडवताना आपल्या बोटांना लागलेला जोर. तिनं शिक्का उचलला आणि त्याच्या पक्षाच्या माणसासमोर मारला. तो कोण होता, कसा होता, तिला काही माहीत नव्हतं. एक मत त्याचं तिनं नेलं होतं, ते परत द्यावं, एवढंच तिच्या मनात होतं. हे असं परत देता येत नाही, हेही तिला कळत होतं.

घरी आली तेव्हा तो बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसला होता. ती समोर उभी राहिली. पुष्कळ दिवसांत ती अशी त्याच्यासमोर उभी राहिली नव्हती.

“अहो,” ती म्हणाली, “आज तुमचं मत दिलं मी. तुमच्या पक्षाला.”

त्यानं वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी हललं, मग गेलं.

“खोटं,” तो म्हणाला.

शब्द अगदी स्वच्छ आला, कुठे अडखळला नाही. ती सांगू पाहत होती की नाही, हे खरं आहे, खोटं होतं ते नखं कापताना म्हटलेलं; दर वेळी मी तुम्ही सांगितलंत तिथेच दिलं होतं, ते एकदाच सोडून. हे सगळं खरंच होतं. पण तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिला कळलं की आता ती काहीही बोलली तरी त्याला ते एकाच मापाचं वाटणार आहे. तो पुन्हा खिडकीकडे वळला. रस्त्यावरून प्रचाराची एक उशिराची गाडी चालली होती, भोंगा बंद, कापडी फलक एका बाजूनं सुटून लोंबत असलेला. ती गाडी वळेपर्यंत तो बघत राहिला. तिनं चपला काढल्या आणि त्याच्या दुपारच्या गोळ्या आणायला आत गेली.